डिंभसर

आमच्या लेआऊटमध्ये डास मारायला कुणाची मनाई नाही. फक्त मारण्याआधी तो कोणत्या अवस्थेत आहे, हे सरांना विचारून घ्यावं लागतं. पंख फुटलेला असेल तर प्रश्न नाही. टाळी वाजवा आणि मोकळे व्हा. पण कूलरच्या पाण्यात काहीतरी वळवळताना दिसलं आणि तुम्ही खिडकीतून "अगं बाई, किडे झाले पाण्यात!" एवढं जरी ओरडलात, तरी तिसऱ्या घराचं फाटक करकरतं आणि सर येतात. "कुठे आहेत?" असं विचारत येत नाहीत. "किडे नाहीत ते," असं म्हणत येतात.

तोवर आजूबाजूच्या दोन-तीन खिडक्या उघडलेल्या असतात. तुम्ही वरमून "अळ्या" म्हणता. सर मान तिरपी हलवतात. "बोलीत चालेल. पण अळी वांग्यातही निघते, बोंडातही निघते, आणि पुण्यात तर लोक आळीतच राहतात. शास्त्राला एका अर्थाचा एक शब्द लागतो. डिंभ म्हणा. ड-ला ऱ्हस्व वेलांटी, वर अनुस्वार, आणि भ भटजीतला."

हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याची जी गत होते ती आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. लेआऊटमधल्या पोरांनी सुरुवातीला 'हिडिंब' ऐकलं आणि कूलरमध्ये भीमाने मारलेला राक्षस असतो, अशी त्यांची समजूत झाली. एका आजीबाईंनी शुंभ-निशुंभांचा तिसरा भाऊ म्हणून हात जोडले. पुण्याहून आलेला एक जावई म्हणाला, "म्हणजे आमचं आंबेगावचं धरण का? घोड नदीवरचं?" त्याला डिंभे धरण आठवलं होतं. सरांनी त्याला व्हरांड्यात बसवून घेतलं. जावई जेवायला उशिरा पोचला आणि पुढच्या खेपेला थेट मागच्या दाराने आला. सरांना 'डिंभसर' हे नाव कुणी ठेवलं याचा पत्ता नाही, पण आता त्यांच्या घरी येणारा कुरिअरवालासुद्धा कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर याच नावाने पत्ता विचारतो.

असा एक माणूस नागपुरातल्या प्रत्येक लेआऊटमध्ये असतो, असं माझं मत आहे. कुठे तो व्याकरणाचा असतो, कुठे पंचांगाचा, कुठे महापालिकेच्या नियमांचा. आमच्या वाट्याला प्राणिशास्त्राचा आला. कनिष्ठ महाविद्यालयात जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा, पावसाळ्यात तोच दुपट्टा गळ्यात. शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे यांच्या ड्रॉपर. भिंग दोऱ्याने गळ्यात अडकवलेलं. पँटच्या खिशात टॉर्च आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या. वर्गातली सवय अशी की वाक्य अर्धं सोडून समोरच्याकडे पाहतात; उरलेलं त्याने पूर्ण करावं. भाजीवाल्यालाही. "पाव किलो सांभार आणि अर्धा किलो..." एवढं म्हणून थांबतात. नवा भाजीवाला घाबरतो. जुना त्यांच्या पिशवीत दोडके टाकून मोकळा होतो.

आता त्यांचं म्हणणं चूक आहे का? तर नाही, आणि हाच खरा त्रास आहे. मराठी विश्वकोशातल्या प्राणिशास्त्राच्या नोंदी उघडून पाहा, पानोपानी डिंभ भेटतो. अंड्यातून बाहेर पडलेला, स्वतःचं स्वतः खाणारा, पण अजून आईबापासारखा न दिसणारा जीव म्हणजे डिंभ. अंड्यात किंवा पोटात असेल तोवर भ्रूण. बाहेर आल्यावर आईबापाचीच छोटी प्रत असेल तर डिंभ नव्हे. म्हणून झुरळाचं पिल्लू असतं, डिंभ नसतो. फुलपाखराचा असतो, डासाचा असतो. बेडकाच्या पोराला तर विश्वकोशाने 'भैकेर' असं स्वतंत्र नाव दिलं आहे, ते सर पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात नाल्याकाठी उभे राहून मोठ्याने उच्चारतात. डिंभ पोटभर खाऊन मोठा झाला की हालचाल आवरती घेतो आणि त्याचा कोश होतो. "घरात दोन कोश आहेत," सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगतात, "एक वाईहून आलेला, वीस किलोचा. दुसरा कूलरमधला. दोन्हींवरची धूळ मीच पुसते."

ही व्याख्या सर माणसांनाही लावतात, तेव्हा जरा जपून राहावं लागतं. समोरच्या घरी नातू झाला. बारशाला सगळ्या बायका "नाक आईचं, कपाळ आजोबांचं" असं करत होत्या. सरांनी पाळण्यात डोकावून निर्वाळा दिला, "आईबापासारखा दिसतो. म्हणजे डिंभ नाही." बाळाच्या आजीला हे कौतुक वाटलं की दोष, ते अजून ठरलेलं नाही. पेढा मात्र तिने अर्धाच दिला.

या हट्टाला नागपूरचीही फूस आहे. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कारभार हिंदी आणि मराठी दोन्हींत चालवायचा, तर दोन्हींना पुरतील असे शब्द हवेत. रविशंकर शुक्लांच्या सरकारच्या पाठिंब्याने इथे शब्द घडवण्याचं मोठं काम चाललं होतं, आणि त्याचे सूत्रधार होते लाहोरहून आलेले डॉ. रघुवीर. संस्कृतचे धातू घ्यायचे, आधी उपसर्ग, नंतर प्रत्यय लावायचे आणि इंग्रजीतल्या कुठल्याही शास्त्रीय शब्दाला देशी जोडीदार उभा करायचा, ही त्यांची रीत. त्यांचा इंग्रजी-हिंदी महाकोश नागपुरातच तयार झाला. रेल्वेला लोहपथगामिनी वगैरे म्हणण्याचे चेष्टेचे शब्द त्यांच्या नावावर खपवले जातात, ते निराळं. चेष्टा करणाऱ्यांनीच ते पाडले असावेत असा सरांचा दाट संशय आहे. सरांचे वडील तेव्हा सचिवालयात कारकून होते. संध्याकाळी घरी येताना दप्तरातून नवे शब्द आणत आणि जेवताना पोरांना वाढत. इतर घरांत वरणभाताबरोबर लोणचं असे, यांच्याकडे परिभाषा. पुढे महाराष्ट्र झाला, १९६० मध्ये भाषा संचालनालय आलं, त्यांनीही शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश काढले. सरांकडे ते सगळे आहेत. काहींच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हं आहेत.

हिंदीत हाच शब्द 'डिंभक' होतो. सीताबर्डीत एका हिंदीभाषक दुकानदाराला सरांनी तो सांगून पाहिला. दुकानदार म्हणाला, "अच्छा, इल्ली!" आणि वर मच्छरदाणी दाखवायला लागला.

आता कूलर. नागपूरबाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कूलर हा चैनीचा भाग नसून घराचा सदस्य असतो. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो बसतो, तीन बाजूंनी खस, खाली टाकी, टाकीत छोटा पंप. मृगाचा पाऊस पडला की त्याचं काम संपतं. पण तो उतरवायला दोन दणकट माणसं लागतात आणि त्या दोघांना एकाच वेळी रविवार लागतो. मग "पुढच्या रविवारी पाहू" असं करत करत तो दिवाळीपर्यंत खिडकीतच राहतो. टाकीच्या तळाला चार बोटं पाणी. वरून पावसाची भर. एडिस डासाच्या मादीला याहून काही नको असतं. बिचारी गटाराकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला माणसाच्या घरातलं स्वच्छ, साचलेलं पाणी हवं.

ऑगस्टमध्ये महापालिकेचे लोक घरोघर कूलर तपासत फिरतात. एका दुपारी असाच एक पोरगेलासा मुलगा सरांच्याच घरी आला. पाठीला पिशवी, हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पाणी उपसायचा पांढरा डाव.

"काकू, कूलर पाहाचा आहे."

काकूंनी परवानगी दिली. त्याने डाव बुडवला, उचलला, टॉर्च मारला. "भेटला लारवा. बाप्पा, केवढा भेटला!"

फाटक करकरलं.

सर आले, मुलाच्या हातातला डाव काढून घेतला आणि पाणी एका पांढऱ्या बशीत ओतलं. आम्हीही वाकून पाहिलं. बारीक, काळपट काड्या. डोकं खाली, शेपटीकडची नळी वर पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली, अशा तिरक्या लोंबत होत्या. सरांनी हाताची सावली पाडली तशा सगळ्या आकडी आल्यागत वळवळत तळाला गेल्या आणि जरा वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर. "हिवतापाचा ॲनाफिलिस असता," सर म्हणाले, "तर पाण्याला समांतर आडवा पडला असता. त्याला ही नळी नसते. हा लोंबतोय, म्हणजे एडिस किंवा क्यूलेक्स. एडिस असेल तर डेंग्यू. क्यूलेक्स असेल तर..." सर थांबले.

मुलगा गप्प.

"हत्तीरोग," काकूंनी आतून वाक्य पूर्ण केलं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली आहेत.

"सर, लिहून घेऊ का? लारवा पॉझिटिव्ह."

"लार्वा लॅटिन आहे. डिंभ लिही."

"फारमात लारवाच छापून आहे नं."

इथून पुढे बराच वेळ फॉर्म कुणी छापला, त्याला मराठी येत होतं का, आणि अंड्यातून निघाल्यापासून डिंभ चार अवस्थांतून कसा जातो, दर वेळी कात कशी टाकतो, हे झालं. मुलगा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. शेवटी त्याने पिशवीतून औषधाची बाटली काढली आणि टाकीत टाकायला झाकण उघडलं. तेवढ्यात सरांनी त्याचा हात धरला.

"थांब. बशीत नीट पाहा. सगळे सारखे आहेत का?"

नव्हते. काड्यांच्या गर्दीत काही जण स्वल्पविरामासारखे वाकलेले होते, डोक्याकडे फुगीर. ते खात नव्हते, नुसतेच तरंगत होते. बशीला धक्का लागला की टुणकन खाली जात.

"हे कोश. यांचं खाणं-पिणं संपलेलं आहे. तुझं औषध डिंभाला लागतं, याला नाही. आज औषध टाकून तू निघून जाशील, फॉर्मात 'कार्यवाही केली' लिहिशील आणि परवा सकाळी हे पाठ फाडून उडून जातील. ते उडाले की कुणाला चावतील?"

"मंग काय करू?"

"टाकी उलथव. पाणी नालीत नको, तिकडे मातीवर, उन्हात. आणि टाकी आतून घासायला सांग. एडिस अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेला ओल्या पत्र्यावर एकेक चिकटवते. टाकी कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने तग धरतात. पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही कूलर सुरू केला की..."

"पुन्हा लारवा," मुलगा म्हणाला. पहिल्यांदाच त्याने वाक्य पूर्ण केलं होतं. मग पुढे म्हणाला, "हे पहिलेच सांगाचं असतं नं सर. टाकी उलथवायले दोन मिनिटं लागते. मी अर्ध्या घंट्यापासून डिंभ शिकून राह्यलो."

हे वाक्य आमच्या लेआऊटमध्ये अजून सांगितलं जातं. सरांचं ज्ञान पक्कं, सल्ला बिनचूक. पण तिथपर्यंत पोचायला शब्दाचा टोलनाका ओलांडावा लागतो, आणि अंड्यापासून डासापर्यंतचा सगळा प्रवास आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत उरकतो. सरांच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला डिंभ असलेला एखादा जीव शेवटी कोश झाला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

शेतकऱ्यांपुढे मात्र सरांचं चालत नाही. हिंगणघाटकडे त्यांचे साडभाऊ कापूस लावतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात धुमाकूळ घातला, त्या हिवाळ्यात साडभाऊ नागपूरला आले होते. वर्धा रोडच्या कापूस संशोधन संस्थेत काही विचारपूस करायची होती. पिशवीतून चार बोंडं काढून त्यांनी टेबलावर ठेवली. वरून धडधाकट. फोडून पाहिली तर आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला, आणि एकात ती स्वतः, गुलाबी, मजेत. बीटी बियाण्याला ती आता जुमानत नाही. हंगाम संपल्यावर सरकीतच अंग आखडून निजते, आणि कुणी फरदड घेतलं की तिला जानेवारी-फेब्रुवारीतही घर मिळतं. सरांनी हे सगळं सांगितलं, अगदी बरोबर सांगितलं. आणि मग त्यांना राहवलं नाही. "खरं म्हणजे बोंडअळी हा शब्दच ढोबळ आहे. गुलाबी बोंडडिंभ म्हणायला हवं."

साडभाऊंनी बोंडाकडे पाहिलं, मग सरांकडे. "तिले डिंभ म्हटलं तं नुकसानभरपाईच्या यादीत आपलं नाव येईन का?"

सर म्हणाले, "तसा काही संबंध नाही."

"मंग राहू द्या न अळीच. अर्जावर तेच लिहून आहे."

त्या संध्याकाळी सर फार बोलले नाहीत. साडभाऊंसाठी कामगंध सापळे कुठे मिळतील याची चौकशी करायला स्कूटर काढून स्वतः गेले, आणि घेऊन आले. हेही सांगायला हवं. नाहीतर वाचकाला वाटायचं, हा माणूस नुसताच शब्दाचा.

मासे आणण्याची कल्पना काकूंची. लेआऊटच्या सामाईक विहिरीत गप्पी मासे सोडले तर ते डासांची पोरं खातात, आणि खाताना नाव विचारत नाहीत, असं त्या म्हणाल्या. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. भारतात तो १९०८ साली आणला गेला आणि डासांविरुद्धच्या कामाला लागला. सरांनी आनंदाने बादलीभर आणले, सोडले, आणि रोज सकाळी विहिरीवर बसून निरीक्षण करू लागले. आठवडाभरात त्यांचा चेहरा उतरला. गप्पी अंडी घालतच नाही. मादी थेट पोहणारी पिल्लं देते, आईबापाचीच बारीक प्रत. म्हणजे भ्रूण दिसायचा नाही, डिंभ नाही, कोश नाही. दुरुस्त करायला काही उरलंच नाही. शिवाय ही पिल्लं आईच्या तावडीत सापडली तर ती त्यांनाही गिळते, म्हणजे नाव ठेवायला वेळही मिळत नाही. मत्स्यव्यवसायवाल्यांकडे तर वेगळाच प्रकार. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माशांना ते मत्स्यजिरे म्हणतात आणि बोटाएवढी वाढली की बोटुकली. सरकारी कागदावर, शिक्क्यासकट, जिरे! सर दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बोटुकली मात्र चांगला शब्द आहे." एवढी कबुली त्यांच्याकडून मी दुसऱ्या कुठल्या बोलीतल्या शब्दासाठी ऐकलेली नाही.

एकदाच ते खरे अडचणीत आले. लेआऊटमधली एक मुलगी रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात शिकते. तिने आपट्यांच्या कोशात डिंभ काढून पाहिला. पहिला अर्थ लहान मूल. पुढे प्राण्याचं पिल्लू. आणि त्याच्याही पुढे: मूर्ख, ठोंब्या. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध फिरत असताना तिने हे निरागसपणे जाहीर केलं. गच्ची एकदम शांत झाली. म्हणजे इतकी वर्षं आपण सरांना कोणत्या नावाने हाक मारत होतो, हे प्रत्येकाच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं. सरांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अर्थविस्तार झालेला आहे. अपूर्ण वाढ झालेला, म्हणून..." आणि सवयीप्रमाणे वाक्य अर्धं सोडून सगळ्यांकडे पाहत राहिले. ते पूर्ण करायची कुणाचीच हिंमत झाली नाही. काकूंनी फक्त विचारलं, दूध आणखी देऊ का.

पुढच्या वर्षी मारबतीला त्यांनी त्याचा वचपा काढायचा प्रयत्न केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे पोरांचा तान्हा पोळा असतो, लाकडी नंदी घेऊन दारोदार. आणि तिकडे इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. ही सव्वाशे वर्षांहून जुनी नागपुरी रीत. रोगराई, इडापिडा मारबतीबरोबर गावाबाहेर घालवायची आणि जाळायची. सोबत बडगे असतात, म्हणजे ज्याचा त्या वर्षी राग आला असेल त्याचे पुतळे. आमच्या पोरांनी डेंग्यूच्या डासाचा बडग्या करायला घेतला. सर बांबूच्या मापासकट हजर. पाय सहा हवेत, पोरांकडे बांबू चारच पायांचे. चावते ती मादी, म्हणून मिशा कमी केसाळ हव्यात. पायांवर पांढरे पट्टे हवेत. हे सगळं पोरांनी मुकाट्याने केलं. मग सर म्हणाले, नुसता डास जाळून काय उपयोग? मागोमाग डिंभाचाही बडग्या हवा. आणि त्यावर 'लारवा' अशी पाटी लावाल तर खबरदार. "लिनियस नावाच्या स्वीडिश पंडिताने अठराव्या शतकात हा शब्द कीटकांना चिकटवला. लॅटिनमध्ये लार्वा म्हणजे भूत. किंवा मुखवटा. खरा कीटक मुखवट्याआड दडलेला असतो, अशी कल्पना. पुढच्या अवस्थेला म्हणे प्यूपा, म्हणजे बाहुली. भुतं-बाहुल्यांची भाषा शास्त्रात कशाला?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "भूत? मंग तं सर, लारवाच बरोबर आहे नं. आपण भूतच तं जाळून राह्यलो."

पाटीवर लाल रंगात 'लारवा भूत' असं झळकलं. मिरवणुकीत त्याला चांगल्या शिव्या पडल्या, म्हणजे बडग्या यशस्वी झाला. सर शेवटपर्यंत सोबत चालले. सहावा पाय वाटेत गळून पडला तो त्यांनीच उचलून घेतला होता.

गेल्या पावसाळ्यात सरांनी व्हरांड्यात एक लोणच्याची रिकामी बरणी मांडली. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा, रबराने घट्ट बांधलेला. आत कूलरचं पाणी आणि त्यात डिंभ. लेआऊटमधल्या पोरांना चार काती आणि पुढचं रूपांतर डोळ्यांनी पाहता यावं, म्हणून. बरणीवर चिठ्ठी: 'डिंभ. हात लावू नये.' पोरं येत, पाहत, आणि एकमेकांना दाखवत, "ते पाहाय, हिडिंब." काकू रोज बजावत, "एक जरी उडाला तर बरणी नालीत." सर रोज सांगत, "नालीत नाही, मातीवर."

आणि तपासणीला नवाच मुलगा आला. याला जुन्याने काही सांगितलेलं नसावं. त्याने कूलर पाहिला: कोरडा ठणठणीत, घासलेला, उलटा करून ठेवलेला. कुंड्यांच्या ताटल्या पाहिल्या: कोरड्या. फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला: कोरडा. निघता निघता त्याचा टॉर्च बरणीवर पडला.

"भेटला! लारवा भेटला!"

त्याने जागच्या जागी नोटिशीचं पान फाडलं. सर बाहेर आले, नोटीस हातात घेतली, चष्मा लावला आणि खिशातलं लाल पेन काढलं.

"'आपल्या घरी डासअळी आढळून आली.' एकवचन का? मोजल्या आहेत का? आणि यातले निम्म्याहून जास्त कोश आहेत. त्यांना अळी म्हणता येत नाही, ही वस्तुस्थितीची चूक झाली. शिवाय 'घरी' म्हणजे कुठे?"

"काकाजी, सही करा न. मले अजून दोन गल्ल्या कराच्या आहेत."

"चुकीच्या मजकुरावर मी सही कशी करू? तूच सांग. शास्त्राचा माणूस असत्यावर सही करेल, तर..."

मुलाने वाक्य पूर्ण केलं नाही. त्याने साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "सर, इथं एक काकाजी नोटीस तपासून राह्यले." साहेबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं, कोश आणि डिंभ यांतला फरक अर्ध्यापर्यंत ऐकला आणि विचारलं, "घरात मोठं कोण आहे?"

"मी," काकू म्हणाल्या.

त्यांनी नोटिशीवर सही केली, बरणी उचलली, रबर काढलं आणि अंगणात, ऊन पडलं होतं तिथल्या वाळल्या मातीवर पाणी ओतून दिलं. नालीत नाही. सर वाकून पाहत राहिले. "मधला तो तिसऱ्या कातीला आला होता," एवढंच म्हणाले.

नोटिशीच्या तळाशी 'काय नष्ट केले' असा एक रकाना होता. मुलाने पेन टेकवलं, मग वर पाहिलं. सर त्याच्याकडेच पाहत होते, लाल पेन अजून हातात. त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी खांदे उडवले. मुलाने जरा विचार केला आणि रकान्यात लिहिलं: माल.